प्रोजेक्टचा अनुभव सहकाऱ्यांसमोर कसा मांडायचा: नाशिकच्या आयटी कंपनीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

अंबड, सातपूर, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत आयटीच्या अनेक लहान-मध्यम कंपन्या आहेत. अशा कंपनीत एका क्लायंटचं सगळं काम दोन-तीन जणच वर्षानुवर्षं बघत असतात. त्यांतलं कुणी पुण्याला, हिंजवडीला गेलं तर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. कोड रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) असतो, पासवर्ड टीएलकडे (टीम लीडकडे) असतात, नोटीस पिरियडमध्ये केटीही (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजावून सोपवणं) झालेली असते. महिन्याभराने क्लायंट विचारतो, ‘हा रिपोर्ट रात्री अकरालाच का चालतो? आधी का नाही चालवत?’ आणि ऑफिसात कुणालाच उत्तर देता येत नाही. मग कुणीतरी गेलेल्या माणसाला व्हॉट्सॲप करतं आणि तो नव्या कंपनीच्या मीटिंगमधून बाहेर येण्याची वाट बघत बसतं.

केटीत ‘काय आहे’ ते सांगितलं जातं. ‘असं का केलं’ आणि ‘आधी काय करून पाहिलं होतं’ हे सांगायला नोटीस पिरियडमध्ये वेळही नसतो आणि मनही नसतं. हे सांगण्याची खरी वेळ म्हणजे काम ताजं असताना, माणूस अजून शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना. त्यासाठी अनेक कंपन्यांत पंधरवड्याने किंवा महिन्याने एक सत्र ठेवतात. कुठे त्याला टेक टॉक म्हणतात, कुठे नॉलेज शेअरिंग, कुठे नुसतंच ‘शेअरिंग’. रुजू झाल्यावर काही महिन्यांत त्या यादीत तुमचंही नाव येईल. तेव्हा काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, यासाठी हा लेख आहे.

एक फरक आधी सांगतो. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपल्यावर होणारा रेट्रो (झालेल्या कामाकडे मागे वळून बघण्याची बैठक) वेगळा. २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून ॲजाइल (लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर करण्याच्या पद्धतीचा) जाहीरनामा मांडला, त्याच्या बारा तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व रेट्रोच्या मुळाशी आहे: संघाने ठरावीक काळाने थांबून, आपण अधिक परिणामकारक कसे होऊ याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे कामाची पद्धत बदलावी. तिथे बोलणारे आणि ऐकणारे एकाच कामातले असतात. शेअरिंगमध्ये समोर बसलेल्यांना तुमच्या प्रोजेक्टचं नावसुद्धा धड माहीत नसतं. त्यामुळे तयारीही वेगळी लागते.

पहिली पायरी: काम चालू असतानाच टिपा

सत्राच्या आदल्या रात्री आठवायला बसलात तर निकाल तेवढा आठवतो. ‘बग आला, फिक्स केला, रिलीज केलं.’ मधले चार दिवस कुठे गेले ते आठवत नाही आणि सांगण्यासारखं सगळं नेमकं त्या चार दिवसांतच असतं.

म्हणून एक साधी टेक्स्ट फाइल किंवा वही ठेवा. रोज संध्याकाळी निघण्याआधी पाच मिनिटं. सगळा दिवस लिहायचा नाही. जिथे दोन वाटा होत्या आणि तुम्ही किंवा तुमच्या सीनिअरने एक निवडली, तेवढंच लिहायचं: कोणत्या वाटा होत्या, कोणती घेतली, का घेतली. एरर आली असेल तर ती शब्दशः चिकटवा, कारण पुढे शोधताना तेच शब्द उपयोगी पडतात. ‘काहीतरी कनेक्शनचा प्रॉब्लेम होता’ असं लिहून ठेवलेलं दोन महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही.

काय टिपायचं ते सुचत नसेल तर अमेरिकन लष्कराची एक जुनी पद्धत वापरा. १९७० च्या दशकापासून तिथे प्रत्येक सरावानंतर सगळे एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरं काढतात. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं? हे चार प्रश्न तुमच्या फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. नवीन माणूस तो प्रश्न एका ओळीत उरकतो आणि चौथ्यावर उडी मारतो.

दुसरी पायरी: विषय लहान घ्या

‘आमचा प्रोजेक्ट’ हा विषय होत नाही. अर्ध्या तासात अख्खा प्रोजेक्ट सांगायला गेलात तर आर्किटेक्चरची आकृती, टेक्नॉलॉजीची यादी आणि मॉड्यूलची नावं यातच वेळ संपतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकच गाठ घ्या आणि ती पूर्ण सोडवून दाखवा.

‘माझा अनुभव तो केवढासा, मी काय सांगणार?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या मुलाला पडतो. माझं ठाम मत आहे की नव्या माणसाकडे एक विषय असा असतो, जो कंपनीत दुसऱ्या कुणाकडेच नसतो: प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालू करताना आलेल्या अडचणी. कोणत्या व्हर्जनचं नोड लागतं, व्हीपीएन चालू नसेल तर कोणती दिशाभूल करणारी एरर येते, डेटाबेसची कोणती प्रत घ्यायची, रीडमीमधली (प्रोजेक्टसोबतच्या सूचनांच्या फाइलमधली) कोणती पायरी आता लागूच होत नाही. सीनिअरना हे दिसणं बंद झालेलं असतं, कारण त्यांचं मशीन केव्हाच लागलेलं असतं. तुमच्या या अर्ध्या तासामुळे पुढच्या नव्या मुलाचे दोन दिवस वाचतात. पहिल्या सत्रासाठी याहून चांगला विषय नाही.

त्यानंतरचा विषय कसा उलगडायचा, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ.

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी तुमच्या टीमने ॲप केलं आहे. वजनकाट्याशेजारी टॅबलेट आहे. पेटी काट्यावर ठेवली की कामगार बटण दाबतो आणि नोंद सर्व्हरवर जाते. हंगाम जोरात असताना मालकाचा फोन येतो: शीतगृहात आहेत त्यापेक्षा जास्त पेट्या ॲपमध्ये दिसताहेत.

हे सत्रात सांगायची नेहमीची तऱ्हा अशी: ‘डुप्लिकेट एन्ट्रीचा इश्यू होता, आम्ही युनिक आयडी टाकला, सॉल्व्ह झाला.’ एका वाक्यात संपलं. ऐकणाऱ्याने मान हलवली, आणि उद्या त्याच्या ॲपमध्ये तसंच झालं तर त्याला काहीही आठवणार नाही.

आता तेच असं सांगून बघा. आधी वाटलं, कामगार घाईत बटण दोनदा दाबतोय. म्हणून एकदा दाबल्यावर बटण काही सेकंद बंद ठेवलं. जास्तीच्या नोंदी थोड्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदी, काढले. दोन सारख्या नोंदींमध्ये दर वेळी ठरावीक अंतर दिसलं, आणि माणसाच्या हाताकडून इतका नेमका ताल धरला जात नाही. ते अंतर आणि ॲपमधल्या रिट्रायचं (उत्तर न आल्यास आपोआप पुन्हा पाठवण्याचं) अंतर एकच निघालं. म्हणजे नोंद सर्व्हरपर्यंत पोचत होती, पण रेंज गेल्यामुळे ‘मिळाली’ हे उत्तर टॅबलेटपर्यंत परत येत नव्हतं. टॅबलेटला वाटायचं नोंद गेलीच नाही, तो पुन्हा पाठवायचा.

इथे दोन वाटा होत्या. एक, सर्व्हरवर वजन आणि वेळ ताडून सारख्या नोंदी काढून टाकायच्या. ही सोपी होती, टॅबलेटला हात लावावा लागला नसता. पण निर्यातीच्या पेट्या ठरावीक वजनाच्याच भरतात, त्यामुळे एका मिनिटात एकाच वजनाच्या तीन खऱ्या पेट्या येऊ शकतात. त्यांतल्या दोन गायब झाल्या असत्या, आणि जास्तीच्या नोंदीपेक्षा गायब झालेली नोंद सापडणं अवघड. म्हणून दुसरी वाट घेतली: बटण दाबताक्षणी टॅबलेटनेच नोंदीला एक वेगळा क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त ‘मिळाली’ एवढंच कळवायचं. याची किंमतही होती. सगळ्या टॅबलेटवर ऐन हंगामात नवं व्हर्जन टाकावं लागलं.

यात द्राक्षं बाजूला ठेवली तरी ऐकणाऱ्याकडे काय उरलं पाहा. पेमेंटच्या ॲपवर काम करणाऱ्याला कळलं की रिट्राय असेल तिथे हा धोका आहे. टेस्टिंगवाल्या मुलीला कळलं की नेट मधेच बंद करून बघायचं, आणि तेही विनंती गेल्यावर पण उत्तर येण्याआधी. सपोर्टवाल्याला कळलं की दोन नोंदींमधलं अंतर मोजलं तर कारण हाती लागतं. फसलेली पहिली समजूत, सोडलेली वाट आणि घेतलेल्या वाटेची किंमत या तीन गोष्टी नसतील तर सत्र उभंच राहत नाही. तयारी करताना या तिन्ही कागदावर लिहिल्या आहेत ना, ते तपासा. त्यांतली एक जरी सापडत नसेल तर सीनिअरकडे जाऊन विचारा: ‘दादा, आपण त्या वेळी दुसरं काय करू शकलो असतो?’ बहुतेक सीनिअर या प्रश्नाने खुलतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तिसरी पायरी: काय दाखवायचं नाही ते ठरवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही.

रुजू होताना सही केलेला एनडीए (गोपनीयतेचा करार) एकदा वाचून काढा. क्लायंटचं नाव कंपनीत सगळ्यांना सांगायला मोकळीक आहे की नाही, ते टीएलला विचारा. काही करारांत दुसऱ्या टीमलाही नाव कळू द्यायचं नसतं. तसं असेल तर ‘युरोपातला एक रिटेल क्लायंट’ एवढं पुरतं, शिकण्यात काही कमी पडत नाही.

खऱ्या माणसांचा डेटा स्लाइडवर घ्यायचा नाही. नावं, मोबाइल नंबर, आधार, पत्ते, काहीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने याची जबाबदारी कंपनीवर येते. स्क्रीनशॉटवर नुसतं धूसर करण्याऐवजी खोटा डेटा भरून नवा स्क्रीनशॉट काढा, ते जास्त सुरक्षित.

स्क्रीन शेअर करताना एन्व्हायर्नमेंट फाइल (सेटिंग आणि गुप्त कोड ठेवलेली) उघडी राहते आणि एपीआय की, म्हणजे सेवा वापरायचा गुप्त कोड, रेकॉर्डिंगमध्ये जाते, हे फार वेळा घडतं. तसं झालं तर लपवू नका. लगेच टीएलला सांगा आणि की बदलून घ्या. रेकॉर्डिंग काढून टाकलं म्हणजे की सुरक्षित झाली असं समजू नका.

स्लाइड करायला सार्वजनिक एआय चॅटबॉट वापरणार असाल तर क्लायंटचे लॉग, कोड किंवा ईमेल त्यात चिकटवण्याआधी कंपनीचा नियम विचारा. शिवाय भाषण त्याच्याकडून लिहून घेऊन फारसा उपयोग नाही, कारण तुम्ही कोणती वाट का सोडली हे त्याला माहीत असायचं कारणच नाही.

सुरक्षेची घटना असेल, म्हणजे कुणी बाहेरून शिरलं, डेटा बाहेर गेला, रॅन्समवेअर आलं, तर सत्राचा विचार सगळ्यात शेवटी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. ते काम सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांचं. त्यांनी मोकळीक देईपर्यंत त्यावर ग्रुपमध्ये एक ओळही टाकू नका.

चौथी पायरी: चुकीबद्दल बोलताना

चांगल्या अनुभवांत बहुतेक वेळा कुणाची तरी चूक असते. नाशिकसारख्या शहरात ही गोष्ट नाजूक होते. इथे सहकारी कॉलेजचा सीनिअर असतो, शेजारच्या सोसायटीत राहतो, कुणाचा तरी नातेवाईक निघतो. आज मीटिंगमध्ये नाव घेतलं की उद्या कॉलेज रोडवर तोंड चुकवायची वेळ येते. म्हणून लोक चुकांबद्दल बोलतच नाहीत, आणि त्या चुका टीम बदलून पुन्हा होत राहतात.

यावर उपाय आहे आणि तो वापरून दाखवलेला आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा डिलीट केला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरल्यावर ते लक्षात आलं. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्यांतली कुठलीच धड उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून साइट उभी केली. मधल्या सहा तासांचा डेटाबेसमधला डेटा कायमचा गेला. ही दुरुस्ती चालू असताना कंपनीने आपल्या नोंदी जगाला खुल्या ठेवल्या आणि काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही, नुसतं ‘टीम मेंबर १’ आहे.

अहवालात बोट माणसावर थांबलेलं नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या व्हर्जनचा असल्यामुळे गुपचूप फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेल निघत होते, पण ते सही-पडताळणीच्या अडचणीमुळे मेल सर्व्हरकडून नाकारले जात होते, म्हणून कुणाला कळत नव्हतं. ‘अमक्याने डिलीट केलं’ एवढ्यावर थांबले असते तर हे ईमेल आजही नाकारले गेले असते.

तुमच्या सत्रात हेच करा. नावाऐवजी भूमिका सांगा: ‘रिलीज करणाऱ्याने’, ‘त्या दिवशी सपोर्टला असलेल्याने’. वाक्य ‘त्याने बघायला हवं होतं’ असं येऊ लागलं तर ते मोडून ‘त्याला तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं?’ असं विचारा. उत्तर जवळजवळ नेहमीच कामाचं निघतं: दोन टर्मिनल सारख्याच रंगाची होती, स्टेजिंग (चाचणीची प्रत) आणि प्रॉडक्शनच्या (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमच्या) पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला सत्राच्या आधी भेटून स्लाइड दाखवा. त्याला नको वाटत असेल तर तो भाग काढा. विषय दुसरा मिळेल, विश्वास पुन्हा लवकर मिळत नाही.

चांगल्या गोष्टीचं मात्र नाव घ्याच. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. छापील मॅन्युअलमध्ये नसलेल्या अडचणी ते एकमेकांना किस्से सांगून सोडवायचे, आणि ते किस्से नाश्त्याच्या, जेवणाच्या टेबलावर चालायचे. पुढे कंपनीने अशा युक्त्यांसाठी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली, तिथे प्रत्येक युक्तीसोबत ती देणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव असायचं. तुमच्या सत्रातही ‘लॉगमधलं अंतर मोजायची कल्पना स्नेहाताईची’ हे सांगायला पाच सेकंद लागतात. ताई मागच्या रांगेत बसलेल्या असोत वा नसोत, ते सांगितलंच पाहिजे.

पाचवी पायरी: कोणत्या भाषेत

खोलीत सगळे मराठी समजणारे असतील तर मराठीत बोला. तांत्रिक शब्द जसे आहेत तसे राहू द्या, ‘डिप्लॉयमेंट’ला मराठी शब्द शोधत बसू नका. निफाड, सिन्नर, कळवणहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलं इंग्रजीत बोलताना फक्त जेवढं बोलता येतं तेवढंच बोलतात, हे मी सारखं बघतो. त्यात पहिला बळी ‘का’चा जातो. कारणं सांगायला जोडवाक्यं लागतात, आणि ती घाईत इंग्रजीत जमत नाहीत. मराठीत तोच मुलगा दहा मिनिटं न अडखळता कारणं सांगतो.

दुसऱ्या राज्यातला एखादा सहकारी कॉलवर असेल तर हिंदी किंवा इंग्रजी, तिथे आग्रह नको. स्लाइड आणि नंतरचं लेखी पान मात्र इंग्रजीतच ठेवा, कारण ते उद्या क्लायंटकडे किंवा दुसऱ्या शहरातल्या टीमकडेही जाऊ शकतं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष सत्र

वेळ सकाळी अकराची मागून घ्या. इंग्लंडच्या क्लायंटचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच झालेले असतात, अमेरिकेचा पूर्व किनारा तर संध्याकाळी जागा होतो. सकाळी कुणाचा कॉल मधे येत नाही. शुक्रवारी दुपारी ठेवू नका, निम्म्या लोकांचं लक्ष रिलीजकडे आणि उरलेल्यांचं घरी जाण्याकडे असतं.

आमंत्रणात विषय लक्षणाच्या रूपात लिहा. ‘आयडेम्पोटन्सी इन डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ यापेक्षा ‘रेंज गेल्यावर एकच नोंद दोनदा का पडते’ या विषयाला माणसं जास्त येतात, आणि योग्य ती येतात.

वीस मिनिटं बोला, दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा. ‘स्वतःची ओळख, कंपनीची ओळख, अजेंडा’ या तीन स्लाइड काढून टाका. पहिलं वाक्य अडचणीचं असू द्या: मालकाचा फोन आला, पेट्या जास्त दिसताहेत. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठी झालेली माणसं या शहरात आहेत, चांगलं बोलणं त्यांना कळतं आणि आवडतं. पण व्याख्यानाला आलेल्या श्रोत्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ते वापरून कोड लिहायचा नसतो. तुमच्या श्रोत्याला लिहायचा असतो. म्हणून शैलीची काळजी कमी करा आणि खरा लॉग, खरी क्वेरी, खरा आधीचा-नंतरचा कोड दाखवण्यावर वेळ द्या.

काही बारीक गोष्टी. फॉन्ट शेवटच्या खुर्चीवरून वाचता येईल एवढा ठेवा, आधी स्वतः तिथे बसून बघा. प्रोजेक्टरवर काळी थीम दिसत नाही, पांढरी घ्या. व्हॉट्सॲप वेब आणि मेल बंद करा. थेट डेमो करणार असाल तर त्याचं रेकॉर्डिंग जवळ ठेवा, नेट अडलं तर ते लावा आणि पुढे चला. डेमो दुरुस्त करण्यात सगळ्यांची दहा मिनिटं घालवू नका.

प्रश्नांना घाबरण्याचं कारण नाही. उत्तर येत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, उद्या चॅनेलवर टाकतो’ असं सांगा आणि खरंच उद्या टाका. नव्या माणसाची पत या दुसऱ्या अर्ध्या भागावर ठरते. कुणी विचारलं, ‘मग सरळ अमुक का नाही वापरलं?’ तर बचावाला उभे राहू नका. ती वाट तुम्ही पाहिली होती का, ते आठवा. पाहिली असेल तर का सोडली ते सांगा. पाहिली नसेल तर लिहून घ्या आणि विचारणाऱ्याकडून नंतर समजून घ्या.

ऐकायला बसलेले असाल तेव्हा

तुमची पाळी येण्याआधी बरीच सत्रं तुम्ही ऐकणार आहात. आपल्याकडे सीनिअर बोलत असताना मधे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, आणि शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर सगळे गप्प. बोलणाऱ्याला वाटतं, कुणाला रस नाही. ही शांतता मोडण्याचं काम नव्या माणसाला सगळ्यात सोपं जातं, कारण त्याला न कळणं अपेक्षितच असतं. ‘सर, तुम्हाला हे कारण असेल असं पहिल्यांदा कशावरून वाटलं?’ हा एक प्रश्न कुठल्याही सत्राला चालतो, आणि स्लाइडवर नसलेली सगळ्यात मोलाची माहिती त्यातूनच बाहेर येते.

शिवाय एका सत्राच्या नोंदी घ्यायचं काम स्वतःहून मागून घ्या. दुसऱ्याचा अनुभव लिहून काढताना काय सुटलं, कुठे साखळी तुटली, ते नेमकं कळतं. पहिल्यांदा बोलण्याआधी एवढा सराव पुरेसा होतो.

सातवी पायरी: दोन दिवसांत पान लिहा

रेकॉर्डिंग आहे म्हणून लेखी पान लागत नाही, हा समज खोटा आहे. रात्री प्रॉडक्शन अडलेलं असताना पस्तीस मिनिटांचा व्हिडिओ कुणी बघत नाही. तो माणूस एरर कॉपी करून कॉन्फ्लुअन्समध्ये (टीमची लेखी पानं ठेवायच्या जागी) शोधतो. म्हणून पानात एररचे शब्द जसेच्या तसे हवेत, आणि शीर्षकात लक्षण हवं.

पान एका स्क्रीनपेक्षा फार मोठं नको. काय दिसत होतं, खरं कारण काय निघालं, कोणत्या वाटा होत्या, कोणती घेतली आणि का, त्याची किंमत काय, आणि संबंधित टिकट (कामाची नोंद) व पुल रिक्वेस्टच्या (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावाच्या) लिंक. निर्णय मोठा असेल, म्हणजे डेटाबेस बदलला, एखादी लायब्ररी सोडली, तर त्याची वेगळी छोटी नोंद रेपोतच ठेवा. २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी मांडलेली ही पद्धत आता बरीच रूढ आहे: परिस्थिती, निर्णय, परिणाम, आणि निर्णय अजून लागू आहे की बदलला. कोडशेजारी असल्यामुळे कोड वाचणाऱ्याला ती आपोआप सापडते.

वर्षातून एकदाच चालणाऱ्या कामांची पानं विशेष जपून लिहा. द्राक्षाचा हंगाम, मार्चअखेरचे हिशेब, परीक्षांचे निकाल. गेल्या वर्षी ते सोडवणारा माणूस या वर्षी टीमवर असेलच असं नाही. सिंहस्थासाठी काम करणाऱ्यांना तर बारा वर्षांचं अंतर ओलांडायचं असतं. २०१५ च्या कुंभासाठी नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’मधून गर्दी, वाहनतळ, आरोग्य अशा प्रश्नांवर विद्यार्थी आणि इंजिनिअर मिळून काम करत होते. तेव्हा कॉलेजात असलेली मुलं आज टीएल झाली आहेत. तुमच्या ऑफिसात त्यांपैकी कुणी असेल तर त्यांना सत्रासाठी बोलवा, आणि नोंदी तुम्ही घ्या.

पानाखाली लिहिल्याची तारीख आणि कोणत्या व्हर्जनला ते लागू आहे ते घाला. तीन महिन्यांनी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची आठवण लावून ते पान पुन्हा उघडा. पद्धत बदलली असेल तर जुना मजकूर पुसू नका. वर एक ओळ टाका: ‘अमुक तारखेपासून हे लागू नाही, नवं पान इथे’, आणि लिंक द्या.